शाळेची इमारत बांधताय? आधी सातबारा काढा

तुमच्या गावात शाळा आहे. पोरं पत्र्याखाली बसतात. उन्हाळ्यात डोकी तापतात. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस वाजायला लागला, की बाईंचा आवाज पहिल्या रांगेपलीकडे जात नाही. मग बाई फळ्यावर लिहितात आणि पोरं गुपचूप उतरवून घेतात. तुम्ही हे रोज बघता. मग एके संध्याकाळी चार जण पारावर बसतात आणि ठरवतात, या वर्षी नारळ फोडायचाच.

नारळ जरूर फोडा. पण सहा महिने थांबून फोडा. त्या सहा महिन्यांत काय करायचं, ते सांगायला हे लिहितोय.

मी एका छोट्या शिक्षण संस्थेचा बावीस वर्षं खजिनदार होतो. शाळा गरीब वस्तीतली. आईबाप ऊसतोडीला जाणारे, गवंड्याच्या हाताखाली जाणारे, धुणीभांडी करणारे. आम्ही इमारत बांधली. बांधताना काही गोष्टी चुकल्या आणि त्या चुका आम्हाला फार महाग पडल्या. तुमच्या वाट्याला त्या येऊ नयेत.

पहिलं हे बघा, की शाळा कोणाची आहे. जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची असेल, तर खोल्या बांधून देणं हे सरकारचं काम आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. दर शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, कुंपण, हे सगळं त्या कायद्यात लिहिलेलं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि समितीत निम्म्या बायका असाव्या लागतात. त्या समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो. तिथे खोल्यांची मागणी लेखी घाला, ठराव करा, पोच घ्या. वर्गणी काढायची घाई करू नका. हक्काचं आधी मागा.

पण शाळा संस्थेची असेल, तर गोष्ट वेगळी. अनुदानित शाळेत मास्तरांचा पगार सरकार देतं. भिंत मात्र संस्थेने उभी करायची. विनाअनुदानित असेल, तर पगारही तुमचा आणि भिंतही तुमचीच. श्रीमंत शहरात हे जमून जातं. जिथे पालकाला वहीचे पैसेही जड जातात, तिथे इमारत कशी उभी राहणार? पुढचं सगळं अशा शाळांसाठी आहे.

आता जागा.

पुण्यात बुधवार पेठेत १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, ती भिडे यांच्या वाड्यात. वाडा दुसऱ्याचा होता. पुढे त्या वाड्यात दुकानं आली, भाडेकरू आले, मालकी बदलत गेली. तिथे स्मारक करायचं ठरलं, तरी कोर्टात वर्षांमागून वर्षं गेली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागून महापालिकेच्या ताब्यात जागा आली, ती २०२३ च्या अखेरीस. एवढ्या मोठ्या शाळेच्या जागेचं असं झालं. तुमच्या आमच्या शाळेला कोण विचारतो?

खेड्यात जागा बहुतेक वेळा तोंडी मिळते. एखादे दादा सभेत उभे राहतात आणि म्हणतात, 'माझ्या शेतातले दहा गुंठे शाळेला दिले.' टाळ्या वाजतात. हार घालतात. कागद कोणी करत नाही. दादांच्या शब्दावर शंका घेणं बरं दिसत नाही ना! दादा असतात तोवर सगळं ठीक असतं. दादा गेले, की मुलांच्या वाटण्या होतात. मग एक दिवस मुलगा येतो आणि म्हणतो, ही जमीन माझ्या हिश्शाची आहे. तो खोटं बोलत नसतो. कागदावर ती त्याचीच असते.

आमच्याकडे हेच झालं. तीन खोल्या बांधून झाल्यावर झालं. नऊ वर्षं दिवाणी कोर्टात गेली. त्या नऊ वर्षांत आम्हाला त्या जागेवर एक संडाससुद्धा बांधता आला नाही, कारण 'जैसे थे'चा हुकूम होता. आठवीतल्या मुली दुपारी घरी जायच्या, त्या परत यायच्या नाहीत. कागद न केल्याची किंमत त्या मुलींनी मोजली.

म्हणून सातबारा काढा. तो नीट वाचा. वाचता येत नसेल तर तलाठ्याकडे बसून वाचून घ्या. चार गोष्टी बघा. कब्जेदारात कोणाकोणाची नावं आहेत? बहिणींची नावं असतील, तर त्यांच्या सह्या लागतील, नुसत्या भावांच्या चालणार नाहीत. बहिणींची नावं नसतील, तर वारसनोंद झाली आहे का, तेही विचारा. 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का? कुळाचं नाव आहे का? आणि जमीन भोगवटादार वर्ग २ ची आहे का? वर्ग २ ची असेल, तर सरकारच्या परवानगीशिवाय मालकालाही ती देता येत नाही.

हे सगळं स्वच्छ असेल, तर बक्षीसपत्र करा. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं आणि दोन साक्षीदार लागतात. साध्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला कागद बक्षीसपत्र होत नाही. तो फाइलला लावून निर्धास्त राहू नका. जमीन शेतीची असेल, तर संस्थेला ती घेण्यासाठी आणि बिनशेती करण्यासाठी परवानग्या लागू शकतात. त्या आधी विचारून घ्या.

बक्षीसपत्र संस्थेच्या नावावर करा. अध्यक्षांच्या नावावर करू नका. 'सध्या माझ्या नावावर घेऊ, मग संस्थेकडे वळवू' असं कोणी म्हणालं, तर हात जोडून नाही म्हणा. माणूस कितीही चांगला असो. उद्या त्याच्यावर कर्ज झालं, त्याच्या घरात भांडण लागलं, तो अचानक गेला, तर शाळा त्याच्या इस्टेटीत मोजली जाईल.

दात्याच्या अटी ऐकून घ्या. आईचं नाव इमारतीला द्या म्हणाले, तर आनंदाने द्या. मुलाला कायमचं अध्यक्षपद द्या म्हणाले, तर दुसरी जागा शोधा.

खरेदी किंवा बक्षीसपत्र झालं, की दोन ठिकाणी नोंद राहते. तलाठ्याकडे फेरफार पडला पाहिजे आणि सातबाऱ्यावर संस्थेचं नाव आलं पाहिजे. धर्मादाय कार्यालयात संस्थेच्या परिशिष्ट एकवर ती मिळकत चढली पाहिजे. त्यासाठीचा बदल अर्ज ९० दिवसांत द्यायचा असतो. कितीतरी संस्थांचे बदल अर्ज वर्षानुवर्षं राहिलेले असतात. गेलेले विश्वस्त कागदावर अजून विश्वस्त असतात. अशी संस्था देणगी मागायला गेली, की पहिल्याच कागदाला अडते.

शहरातल्या वस्तीत जागा दान मिळत नाही. तिथे भाड्याची खोली असते. मग भाडेकरार नोंदवून घ्या आणि मुदत जितकी लांब मिळेल तितकी घ्या. अकरा महिन्यांच्या करारावर फरशी, स्वच्छतागृह, गच्चीचं काम असा पक्का खर्च करू नका. तुम्ही खोली चांगली केलीत, की मालक भाडं वाढवतो किंवा खोली मागतो. पैसा तुमचा जातो, सोय त्याची होते.

जागेचं झालं. आता किती बांधायचं?

आमच्या शेजारच्या तालुक्यात एक शाळा आहे. रस्त्यावरून जाताना दिसते. चोवीस कॉलम उभे आहेत. वरून सळया निघालेल्या आहेत, गंजून तांबड्या झालेल्या. कोणीतरी पोरांना लागू नये म्हणून सळयांच्या टोकांवर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उलट्या घातल्या आहेत. खालच्या सळयांना पोरं दप्तरं अडकवतात आणि कॉलमच्या सावलीत डबे खातात. शाळा अजून पत्र्याखालीच भरते.

तिथे पैसे कमी जमले असं नाही. गावाने चांगले पैसे दिले होते. पण सहा खोल्यांचा आराखडा एकदमच सुरू केला. पाया, जोतं, कॉलम, इथवर पैसे संपले. तेवढ्याच पैशात दोन खोल्या स्लॅबसकट, दारंखिडक्यांसकट पुऱ्या झाल्या असत्या. त्या दोन खोल्यांत पोरं त्याच वर्षी बसली असती. पुरी झालेली खोली दाखवून पुढचे पैसेही मिळाले असते. अर्ध्या कॉलमांकडे बघून कोणी पैसे देत नाही. लोक म्हणतात, आधीच्याचं काय केलंत?

म्हणून सगळ्या शाळेचा नकाशा एकदाच करा, पण बांधा दोन-दोन खोल्यांनी. प्रत्येक टप्पा असा ठेवा, की तो संपला त्या दिवशी पोरांना आत बसता आलं पाहिजे. टप्प्याचे तीन चतुर्थांश पैसे खात्यात जमल्याशिवाय खोदकाम सुरू करू नका. अंदाजपत्रक इंजिनिअरकडून लेखी घ्या आणि त्याच्यावर दहा टक्के जास्त धरा. सिमेंट आणि लोखंडाचे भाव तुमच्यासाठी थांबत नाहीत.

आणि त्या अंदाजपत्रकात स्वच्छतागृह, पाण्याची टाकी, उतार असलेली वाट आणि कुंपण पहिल्याच टप्प्यात धरा. 'ते मागाहून करू' म्हटलेलं मागाहून होत नाही.

आता पैसा. हे जरा सावकाश वाचा.

वर्गणीची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली. लोकांनी दिलेल्या धान्यावर आणि पैशावर वसतिगृहं चालली. वसतिगृहातल्या पोरांसाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. ही गोष्ट सभेत जरूर सांगा. पण ती सांगून कोणा गरीब बाईच्या गळ्याकडे बघू नका. लक्ष्मीबाईंकडे कोणी मागायला गेलं नव्हतं. घराघरावर आकडा ठरवून वर्गणी बसवणं, न देणाऱ्याचं नाव सभेत घेणं, दाखला अडवणं, हे करू नका. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्याकडून दोन दिवसांचं काम घ्या. गवंडी पालक असतो, सुतार पालक असतो, ट्रॅक्टरवाला असतो. त्यांच्या कामाचीही पावती फाडा आणि नाव लिहा.

पावतीपुस्तक छापील आणि क्रमांकाचं हवं. इमारत निधीचं बँक खातं वेगळं काढा. दोघांच्या सह्यांशिवाय पैसे निघता कामा नयेत आणि ते दोघे एका घरातले नसावेत. संस्था नोंदलेली नसेल, नुसती समिती असेल, तर धर्मादाय कार्यालयाच्या परवानगीशिवाय वर्गणी गोळा करू नका. संस्थेकडे ८०-जीची नोंदणी असेल, तर देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मिळू शकते. पण २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही. मोठी रक्कम चेकने किंवा ऑनलाइन घ्या.

आमच्या वर्गणीच्या वेळी एक म्हातारी आली. पदराची गाठ सोडून तिने पन्नासची एक नोट काढली. मी पावती लिहायला घेतली आणि नाव विचारलं. ती म्हणाली, 'माझं नको, लेकीचं लिहा. चौथीत सोडवली होती तिला.' मी लेकीचं नाव लिहिलं. पावती क्रमांक २१७. तिने ती घडी करून पुन्हा पदराला बांधली. पुढे खर्चाच्या प्रत्येक बिलावर सही करताना मला ती पावती आठवायची. तुम्हीही अशी एखादी पावती लक्षात ठेवा.

देणगीदारांचा फळा शाळेत लावा. नावं रकमेप्रमाणे लावू नका, तारखेप्रमाणे लावा. शेजारी दुसरा फळा लावा. त्यावर दर महिन्याला लिहा: जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, आणि सिमेंटच्या किती गोण्या आल्या. गावाला हिशेब दिसला, की कुजबुज होत नाही. कुजबुज झाली नाही, की दुसऱ्या टप्प्याला पैसे येतात.

दोन मार्गांनी पैसे कधीही घेऊ नका. एक, प्रवेशासाठी देणगी. ती कायद्याने बंद आहे. 'इमारत निधी' असं नाव दिलं तरी ती तीच राहते. दुसरा मार्ग सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. तो म्हणजे नोकरी लावताना शिक्षकाकडून घेतलेले पैसे. 'तुमच्यासाठी नाही, शाळेच्या बांधकामासाठी' असं सांगून घेतात. मी अशा एका तरुणाला ओळखतो. बापाने दीड एकर विकून पैसे भरले. दहा वर्षं त्याने बिनपगारी शिकवलं, कारण तुकडीला मान्यता आली नाही. त्या पैशांच्या भिंती आजही उभ्या आहेत. मला त्या शाळेत पाय ठेववत नाही. तुम्ही विश्वस्त असाल, तर हे थांबवणं तुमच्या हातात आहे.

कंपन्यांचे पैसे मिळू शकतात. ज्या कंपनीचा वर्षाचा नफा पाच कोटींवर आहे तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजाच्या कामावर (सीएसआर) खर्चायचे असतात, असा कायदा २०१४ पासून लागू आहे. मोठ्या भांडवलाच्या आणि मोठ्या उलाढालीच्या कंपन्याही त्यात येतात. त्यासाठी संस्थेचे तीन वर्षांचे हिशेब, तपासनिसाचे अहवाल, आयकराची नोंदणी आणि कंपनी खात्याकडची सीएसआर नोंदणी लागते. आधी हे कागद लावा, मग दार ठोठावा. आमदार-खासदार निधीही मागा, पण तो संस्थेच्या हातात पैसा म्हणून मिळत नाही, काम सरकारी यंत्रणेमार्फत होतं. तो गृहीत धरून ठेकेदाराला शब्द देऊ नका.

परदेशात गेलेली गावची मुलं पैसे पाठवू म्हणतात. मन भरून येतं. पण आधी एक गोष्ट विचारा: पासपोर्ट कुठला? पासपोर्ट भारताचा असेल आणि स्वतःच्या कमाईचे पैसे बँकेतून पाठवले, तर ते परदेशी देणगीत मोडत नाहीत. पासपोर्ट अमेरिकेचा, इंग्लंडचा असेल, तर तो तुमचा सख्खा पुतण्या असला तरी कायद्याने ती परदेशी देणगी आहे. ओसीआय कार्ड असलं तरीही. त्यासाठी संस्थेला केंद्राची वेगळी नोंदणी लागते आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. ती नोंदणी नसेल, तर 'अध्यक्षांच्या खात्यावर पाठव' असं सांगू नका. त्या मुलाने प्रेमाने पाठवलेल्या पैशांपायी तुमच्या संस्थेवर गुन्हा होऊ शकतो.

राहिलं कर्ज.

कर्ज वाईट नसतं. पण शाळेचं कर्ज घराच्या कर्जासारखं नाही. घरात कमावता माणूस असतो. शाळेत कमावतं कोणी नसतं, शाळेत शिकणारी पोरं असतात.

अमेरिकेत चार्टर शाळा नावाचा एक प्रकार आहे. १९९१ साली मिनेसोटा राज्याने त्याचा पहिला कायदा केला. सरकारच्या पैशावर चालणाऱ्या, पण स्वतंत्र मंडळाने चालवायच्या, फी नसलेल्या शाळा. तिथेही दुखणं आपल्यासारखंच आहे. मुलामागे पैसे मिळतात, पण इमारतीला बहुतेक ठिकाणी पुरेसे मिळत नाहीत. गरीब वस्तीतल्या नव्या शाळेला कर्ज द्यायला बँका बिचकतात. म्हणून तिथे नफ्यासाठी न चालणाऱ्या कर्जसंस्था या कामात उतरल्या. फिलाडेल्फियाची रीइन्व्हेस्टमेंट फंड त्यातलीच एक. अशा कर्जांना पाठबळ म्हणून अमेरिकेच्या शिक्षण खात्याचीही एक योजना आहे. माझी पुतणी तिकडे एका अशा शाळेच्या मंडळावर होती. तिने सांगितलं, की तिथे साधारण हिशेब असा धरतात: भाडं किंवा हप्ता शाळेच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या पंधरा टक्क्यांच्या आसपास राहिला पाहिजे. त्याच्या फार वर गेला, की त्याची झळ मुलांच्या शिकण्याला लागते. मास्तर कमी होतात, पुस्तकं येत नाहीत.

आपल्याकडे गरीब शाळांना अशा मायेने कर्ज देणाऱ्या संस्था हाताच्या बोटावर मोजण्याइतक्याच. पण तो हिशेब आपणही धरू शकतो. पगाराचं अनुदान त्यात मोजू नका, ते पगाराचंच आहे. समजा, तुमच्या शाळेचं बाकीचं उत्पन्न वर्षाला ६ लाख आहे. त्याचे पंधरा टक्के ९० हजार. म्हणजे महिन्याला साडेसात हजारांचा हप्ता झेपेल. आता १० लाखांचं कर्ज बारा टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता येतो साधारण १७,६५० रुपये. सात वर्षांत १० लाखांचे जवळपास १५ लाख जातात. म्हणजे हे कर्ज तुमचं नाही. तुमचं कर्ज सव्वाचार लाखांच्या आत. त्यात एक खोली होत असेल, तर एक खोली बांधा.

विश्वस्तांना संस्थेच्या नावावर मनाला येईल तसं कर्ज काढता येत नाही. सार्वजनिक न्यासाच्या कायद्यात त्याचे नियम आहेत. धर्मादाय कार्यालयात आधी जा, कुठली परवानगी लागते ते लेखी विचारा.

आणि जामीनदार. हे मी सगळ्यात कळकळीने सांगतो. आम्ही एका पतसंस्थेचं कर्ज घेतलं, तेव्हा जामीन म्हणून तीन शिक्षक आणि आमचे शिपाईमामा यांच्या सह्या घेतल्या. पगार सरकारी, म्हणून पतसंस्थेला तेच हवे होते. सभेत सगळे म्हणाले, नुसती सही आहे. कोर्टाच्या भानगडीत हप्ते थकले. वसुलीचा दाखला निघाला आणि मामांच्या पगारातून कपात सुरू झाली. त्या वर्षी त्यांच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. मामा आमच्यावर कधी चिडले नाहीत. रोज वेळेवर घंटा देत राहिले. त्यांच्याकडे मान वर करून बघायला मला फार दिवस लागले.

शाळेच्या कर्जाला नोकराची सही घेऊ नका. तुम्ही शिक्षक असाल, पालक असाल, तर 'शाळेसाठी' म्हणूनही जामीन राहू नका. देणगी द्या, श्रम द्या, पण सही करू नका. विश्वस्तांना शाळेवर विश्वास असेल, तर त्यांनी स्वतः जामीन राहावं.

बांधकामाचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे चांगला इंजिनिअर माझ्यापेक्षा जास्त सांगेल. तो इंजिनिअर ठेकेदाराचा भाऊबंद नको. काळ्या मातीची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिथे पायाचा खर्च वाचवू नका. स्लॅब पडल्यावर किमान चौदा दिवस पाणी मारलंच पाहिजे, म्हणून पाण्याची सोय बघून काम काढा. ठेकेदाराला पैसे टप्प्याने द्या आणि शेवटचे दहा टक्के एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा. गळती पहिल्या पावसातच कळते.

वर्गाला दोन दारं ठेवा आणि ती बाहेर उघडणारी ठेवा. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला आग लागली आणि ९४ लेकरं गेली. वर झावळ्यांचं छप्पर होतं आणि बाहेर पडायची वाट अरुंद होती. जुलै २०२५ मध्ये राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावात शाळेचं छत कोसळून सात मुलं दगावली. जुनी खोली पाडायची की वापरायची, असा प्रश्न आला तर इंजिनिअरचा दाखला घ्या. 'अजून दोन वर्षं चालेल' हे सभेत हात वर करून ठरवू नका.

खोल्या झाल्या, की लोकांचा उत्साह ओसरतो. मग गच्ची गळते, नळ तुटतात, स्वच्छतागृहाला कुलूप लागतं. दर टप्प्याच्या रकमेतले पाच टक्के बाजूला काढून बँकेत ठेव म्हणून ठेवा आणि त्याच्या व्याजावर दुरुस्ती करा. ही ठेव मोडायची झाली, तर सगळ्या विश्वस्तांच्या सह्या लागतील, असा ठराव आजच करून ठेवा.

पुढच्या सभेला जाताना हातात काहीतरी घेऊन जा. डिजिटल सहीचा सातबारा महाराष्ट्र सरकारच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. गट नंबर माहीत असला, की पुरे. घरातल्या शिकत्या मुलीला सांगा, ती फोनवर दहा मिनिटांत काढून देईल. तो सभेत मोठ्याने वाचा. त्यावर संस्थेचं नाव नसेल, तर त्या दिवशी दुसरा कुठलाही विषय घेऊ नका.